तोफेचे तीन बार

आमच्या शेजारचे आजोबा बर्फ चुकीच्या बाजूने काढतात, हे मला इथे राहायला आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं. ॲन आर्बरमध्ये बर्फ पडला की सकाळी माणसं आधी पुढचा ड्राइव्हवे मोकळा करतात. हे गृहस्थ फावडं घेऊन मागच्या दाराशी जायचे आणि तिथून थेट आमच्या मागच्या दारापर्यंत, एका फावड्याच्या रुंदीची, पट्टीने आखल्यासारखी वाट काढायचे. पुढचं अंगण दुपारी, सवड मिळाली तर.

माझी बायको हरखून गेली. "बघा, किती प्रेमळ माणूस. आपल्या दारापर्यंत बर्फ काढून देतात. नाहीतर तुम्ही!" असं म्हणून तिने त्याच वाटेने त्यांच्याकडे थालीपीठ पाठवलं. नेऊन देणारा अर्थात मी.

मी या देशात सिव्हिल इंजिनियर म्हणून उभं आयुष्य काढलं, त्यातलं बहुतेक सांडपाण्याच्या पायपांच्या सहवासात. काम चुकीच्या क्रमाने केलेलं मला बघवत नाही. एका सकाळी मी त्यांना फावडं कसं धरायचं, भार कुठे घ्यायचा, बर्फ कुठल्या बाजूला टाकायचा, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "थँक यू, इंजिनियर." दारात उभी असलेली त्यांची मुलगी हसून हसून बेजार झाली. तिने सांगितलं, हे माझे वडील आमच्या देशाच्या सैन्यात जनरल होते. हजारो माणसं बर्फातून डोंगरापार नेलीत त्यांनी. तुम्ही त्यांना फावडं शिकवताय!

मी तोंडात मारल्यासारखा गप्प झालो. बायकोच्या मते आमच्या संसारातला तो पहिलाच प्रसंग.

त्यांचा देश कुठला ते मी लिहीत नाही. "नाव लिहिलंस की लोक देशाबद्दल भांडत बसतील," असं त्यांनीच मला बजावलंय, आणि लोक किती पटकन भांडतात हे मराठी मंडळाच्या सभासदाला कुणी वेगळं सांगायला नको.

त्या दिवसापासून मी त्यांना जनरलसाहेब म्हणू लागलो आणि ते मागच्या वाटेने आमच्या स्वयंपाकघरात चहाला येऊ लागले. वाटेचं रहस्यही कळलं. "एकच दार असलेलं घर म्हणजे पिंजरा," ते म्हणाले. "आणि मागचं दार असलं तरी ते कुठेतरी उघडायला हवं. माझं तुझ्या घरात उघडतं." म्हणजे तो शेजारधर्म नव्हताच. आमचं घर ही त्यांची निसटायची वाट होती. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरंच की. निसटून आले तर चहा गरम मिळेल."

त्यांच्या आयुष्याची गोष्ट अशी चहाच्या कपाकपाने कळत गेली. पोस्टमनचा मुलगा. लहानपणी वडिलांबरोबर डोंगरातल्या गावांत पत्रं वाटत हिंडला, म्हणून नकाशे वाचायला यायच्या आधी वाटा पाठ. सैन्यात गेला, चढत चढत जनरल झाला. मग शेजारच्या मोठ्या देशाचं सैन्य घुसलं, राजधानी पडली, आणि वरून हुकूम आला की शस्त्रं खाली ठेवा. साहेबांनी शस्त्रांऐवजी गणवेश खाली ठेवला आणि डोंगरात गेले. बरोबर एक आचारी, एक कारकून आणि त्यांचा उजवा हात असलेला एक मेजर. हजारोंचा जनरल आता तिघांचा पुढारी.

"पहिल्या आठवड्यात एका मेंढपाळ बाईने मला शिव्या घातल्या," ते हसत सांगायचे. "म्हणाली, एवढा मोठा धुराचा लोट करून चहा कोण उकळतो? तुला पकडतील आणि वर माझ्या मेंढ्या नेतील. धूर न करता आग कशी पेटवायची ते तिने शिकवलं. मला लष्करी कॉलेजमध्ये कुणी शिकवलं नव्हतं." जनरल असताना आपण उंटावरून शेळ्या हाकत होतो, खऱ्या मेंढ्या नंतर भेटल्या, असा त्याचा मथितार्थ. ही म्हण मी त्यांना भाषांतर करून सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, उंटाच्या चित्रासकट.

तिघांचे चाळीस झाले, चाळीसांचे काही शे. काही वर्षं लढले. मग देश सोडावा लागला. इथे येऊन त्यांनी विद्यापीठाच्या हॉस्टेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासली, पुढे तिथलंच कोठार सांभाळलं. बटाट्याची पोती अशी रचायचे की शेवटचं पोतंही ओढून काढता यावं. हे सगळं ते गमतीने सांगत. फक्त एक विषय निघाला की गंमत संपायची. आम्ही वर्षातून दोनदा शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत खरेदीला जातो. निघताना विचारायचो, साहेब, तिकडून काही आणू? दरवेळी एकच उत्तर. "शिकागोहून काही नको." एकदा बायकोने नुसतं "चला की फिरायला" म्हटलं, तर ते अर्धा कप चहा टाकून उठले.

आता किल्ल्याकडे येतो.

आमचं मंडळ दर दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा घेतं. स्पर्धा नावाला मुलांची. मुलं येतात, शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि "कॅन वी गो नाऊ?" म्हणतात. किल्ले बांधतो आम्ही, साठी-सत्तरीतले आजोबा, आपापल्या गराजमध्ये प्लायवूडवर, एकमेकांपासून लपवून. दरवर्षी पहिला नंबर हृदयाचे एक रिटायर्ड डॉक्टर नेतात. त्यांचे मावळे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले असतात. माझे पुण्याहून बनियनमध्ये गुंडाळून आणलेले, मातीचे. अर्ध्यांच्या तलवारी कस्टम्सपर्यंतच शाबूत असतात.

यंदा म्हटलं, आपल्या शेजारी खराखुरा डोंगरी सेनापती राहतो, आणि आपण हरतो म्हणजे काय! साहेबांना गराजमध्ये नेलं. गोणपाट, माती, वर पेरलेल्या मोहरीची हिरवळ, शिखरावर सिंहासन आणि त्यावर महाराज. साहेबांनी हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या.

"पाणी कुठे आहे?"

मी घाईघाईने टाकं दाखवलं. बाटलीचं झाकण होतं ते.

"इतक्या माणसांना?" मग म्हणाले, "मागची वाट?"

मागची वाट मी केलीच नव्हती. मागे भिंत असते, परीक्षक बघत नाहीत.

"आणि हा तुमचा राजा. हा असा उंचावर, उघड्यावर, खुर्ची टाकून का बसलाय? दोन मैलांवरून दिसतोय."

"अहो, पद्धत आहे तशी. सगळे तिथेच बसवतात."

"तुमचा खरा राजा असा बसायचा?"

मी विचार केला. महाराज आयुष्यभर घोड्यावर. वेढ्यातून निसटले, कैदेतून निसटले, शत्रूला हवे तेव्हा कधी सापडले नाहीत. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दिवाळीत उन्हात बसवून ठेवलंय, दुरून नेम धरता येईल असं. लाज वाटली हो मला.

मग मला ती कल्पना सुचली, जिचा त्या क्षणी मला फार अभिमान वाटला. यंदा नुसता किल्ला नाही, पावनखिंड करायची! चहा टाकला आणि साहेबांना गोष्ट सांगितली. महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून पावसात निसटतात. शत्रू पाठीवर. वाटेत एक अरुंद खिंड. तिथे महाराजांचा सरदार म्हणतो, तुम्ही पुढे विशाळगड गाठा. गडावर पोचलात की तोफांचे बार करा. तोवर मी खिंड सोडत नाही. मूठभर माणसं, समोर फौज. अंगभर जखमा, तरी तो उभा. बार किती झाले, तीन की पाच, यावरून आमच्या मंडळात दोन तट आहेत, मी तीनवाला.

साहेब पुढे झुकून ऐकत होते. "बार झाले?"

"झाले!"

"त्याने ऐकले?"

"ऐकले म्हणून तर! ऐकले, आणि मगच त्याने प्राण सोडला." माझा आवाज चढला होता, दरवेळी चढतो. "साहेब, आमच्या किल्ल्याची तोफ तुम्हीच उडवायची. स्पीकर लावू. खरा जनरल तोफ उडवणार म्हटल्यावर डॉक्टर गार!"

साहेबांनी कप खाली ठेवला, उठले, आणि आमच्या पुढच्या दाराने निघून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या दाराने.

चार दिवस ते आले नाहीत. पानगळीचे दिवस होते. एरवी ते रोज सकाळी पानं ओढून आपली वाट मोकळी ठेवत. ती वाट पानांखाली दिसेनाशी झाली. सिॲटलला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो इनसेन्सिटिव्ह! यू डोन्ट नो व्हॉट ही वेंट थ्रू." मी तिला म्हटलं, अगं, मी त्यांना मान देत होतो. बायको म्हणाली, "तुमचा मान म्हणजे समोरच्याला शालीखाली गुदमरवायचं. जा, माफी मागून या."

पाचव्या सकाळी मी दाताळं घेतलं आणि आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत पानं ओढायला लागलो. कंबर मोडली. त्यांच्या पायरीशी पोचलो तेव्हा दार उघडलं.

"दाताळं चुकीचं धरलंयस, इंजिनियर," साहेब म्हणाले. आणि मला आत घेतलं.

त्यांच्या खिंडीची गोष्ट मला त्या दिवशी कळली. त्यांच्याकडे खिंडीऐवजी पूल होता. तो मेजर, उजवा हात, पंचवीस माणसांनिशी पुलाशी थांबला. साहेब बाकीच्या सगळ्यांना, त्यात गावातली बायका-मुलंही होती, घेऊन नदीपार डोंगर चढणार होते. वर पोचलो की आकाशात तीन लाल फ्लेअर उडवीन, ते दिसले की पूल सोडून निघ, असं ठरलं. फ्लेअर साहेबांनी दुसऱ्या कुणाकडे दिले नाहीत, स्वतःच्या पाठीवर घेतले. नदी ओलांडताना पाणी छातीपर्यंत आलं.

"वर पोचलो. एकही पेटला नाही," ते म्हणाले. "तिन्ही ओले. खाली गोळीबार ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऐकू येत होता. तुझ्या सरदाराचं नशीब चांगलं, इंजिनियर. त्याच्या राजाची दारू कोरडी होती."

मेजरची बायको शिकागोत राहते, मुलाकडे. वीस वर्षं झाली. साहेब इथे आहेत हे तिला कळलंय, तिने तीनदा निरोप पाठवला की येऊन भेटा. साहेब गेले नाहीत. "ती विचारेल, खूण का केली नाहीत? ओले झाले हे उत्तर आहे का? पोस्टमनचा मुलगा मी. पिशवी कोरडी ठेवायला माझ्या बापाने मला सगळ्यात आधी शिकवलं होतं."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तशीच पिठाच्या हाताने मागच्या दाराने गेली आणि साहेबांच्या पायरीवरून म्हणाली, "आम्ही शनिवारी डेव्हनला जातोय. मागची सीट रिकामी आहे." ते नको म्हणाले. ती म्हणाली, "मी विचारलं नाही, सांगितलं."

शनिवारी पहाटे ते आमच्या मागच्या दारात उभे होते. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. साडेचार तासांच्या ड्राइव्हमध्ये त्यांनी बायकोने दिलेली बाकरवडी सगळी संपवली.

डेव्हनच्या उत्तरेला दोन गल्ल्या पलीकडे ते घर होतं. पार्किंगच्या पाटीवर इतक्या अटी की वाचून होईपर्यंत तिकीट लागावं, म्हणून मी गाडीतच बसून राहिलो. बायको चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर उतरली. पुढच्या घंटीला हात लावायला ते तयार होईनात. शिकागोत घरांच्या मागून गल्ली असते आणि प्रत्येक घराला मागे लाकडी जिना. साहेब मुकाट्याने वळसा घालून मागे गेले. पुढचं बायकोने सांगितलं ते असं, की जिन्यावर वरच्या पायरीवर एक बारकीशी म्हातारी वाटाणे सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, साहेबांकडे बोट केलं आणि हसायलाच लागली. मग दोघं त्यांच्या भाषेत बोलत राहिली आणि बायको वाटाणे सोलत राहिली.

परतीच्या वाटेवर, गाडीत मैदा, रवा आणि पणत्यांच्या गराड्यात बसून साहेबांनी सांगितलं. "ती म्हणाली, मला माहीत होतं तुम्ही मागच्याच दाराने येणार, म्हणून मी वीस वर्षं इथेच बसते. मी म्हटलं, मी खूण केली नाही. सगळं सांगितलं, पाठीवरची पिशवी, नदी. ती म्हणाली, तुम्ही आकाश लाल केलं असतं तरी तो आला नसता. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी हातातलं काम अर्धं सोडलं नाही. जेवायला सुद्धा चार हाका माराव्या लागायच्या. तुम्ही कोण लागून गेलात!"

ते हे हसत सांगत होते आणि रुमाल डोळ्यांना लावत होते. "म्हणाली, मी तुम्हाला विचारायला बोलवत नव्हते. त्याच्याबद्दल बोलायला बोलवत होते. त्याला ओळखणारं इथे कुणी नाही." मग रुमाल खिशात ठेवून म्हणाले, "ती समजून घेते, चांगली आहे. पण खूण मी केली नाही, ते तसंच आहे."

दिवाळीच्या कार्यक्रमाला साहेबांची मुलगी जाऊन त्या बाईंना आठवडाभरासाठी घेऊन आली. शाळेच्या कॅफेटेरियात तीन किल्ले मांडलेले. डॉक्टरांचा किल्ला दिव्यांनी लखलखत होता. आमची खिंड मात्र खिंड होती. पाण्याची तीन टाकी, मागची चोरवाट, आणि महाराज उघड्यावर न बसता तटाआड, साहेबांच्या हुकुमाने. खिंडीच्या तोंडाशी मातीचा सरदार, एक तलवार मोडलेली. बाईंना मी खुर्ची दिली. गोष्ट त्यांना साहेबांनी सांगितलेली होती. त्या शाल पदरासारखी घट्ट लपेटून त्या मातीच्या बाहुलीकडे बघत बसल्या.

तोफ उडवायला मी साहेबांना पुन्हा विचारलं नव्हतं. फोनवर आवाज भरून ठेवला होता, स्पीकर किल्ल्यामागे लपवला होता, बटण मीच दाबणार होतो. परीक्षक आले. मी गोष्ट सांगितली, आवाज चढवून सांगितली, आणि "गडावरून तोफा धडाडल्या!" म्हणून बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. स्पीकर ब्लूटूथवरून डॉक्टरांच्या फोनला जाऊन चिकटला होता. किल्ल्यामागून सनई वाजायला लागली. लोक हसले. मी तिसऱ्यांदा दाबलं, सनई थांबली, आणि मग काहीच वाजेना. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ही वेळ मी त्यांच्यावर पुन्हा आणली होती, तीही तिच्यासमोर.

साहेब पुढे आले. टाय सैल केला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गर्जले, "बूम!"

सगळा कॅफेटेरिया वळला. त्यांनी श्वास घेतला. "बूम!" पोरं खिदळली. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज असा काढला की वडे तळणाऱ्या काकू झारा घेऊन बाहेर आल्या. "बूम!" मग कुणी हसलं नाही. का ते त्यांना माहीत नव्हतं, पण हसलं नाही.

बाई खुर्चीवरून उठल्या. वाकून खिंडीतला तो मोडक्या तलवारीचा सरदार उचलला, त्याची माती पुसली, आणि चोरवाटेने, एकेक वळण घेत, सावकाश वर गडावर नेऊन महाराजांशेजारी ठेवला. साहेबांकडे वळून दोन शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

साहेबांचा घसा बसला होता. "म्हणाली, ऐकू आलं."

परीक्षकांनी इतिहासाशी विसंगत म्हणून आमचे गुण कापले आणि तीन किल्ल्यांत आम्ही तिसरे आलो. किल्ला आता आमच्या गराजमध्ये आहे. मोहरी वाळलीय, बाहेर पहिला बर्फ पडलाय, आणि बायको रोज म्हणते, ते आवरा, गाडी आत घेता येत नाही. मी म्हणतो, राहू दे. त्या सरदाराला पुन्हा खाली खिंडीत ठेवायचं काम माझ्याच्याने होणार नाही.